बारा हात ढाळ

नवेगाव बांध, ता. ३ नोव्हेंबर २०२४

चि. रेणूस आबाजीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. गोंदियाच्या हॉटेलात गल्ल्यावर बसायचे काम तुला मिळाले, तेव्हा तुझ्या आजीने चार घरी साखर वाटली. मला मात्र घास गोड लागत नाही. कुडव्याहून रोज कशी जाशील? ई-रिक्षाच्या मागे तुझी चाकाची खुर्ची बांधतात म्हणे. दोर सुटला तर? हॉटेलच्या दारात तीन पायऱ्या आहेत, असे तुझा बाप सांगत होता. दोन वेटर खुर्चीसकट उचलून नेतो म्हणतात, तर नेऊ दे. हट्ट करू नको. मला जेवायला बोलावतेस, पण हॉटेलचे तेल मला सोसत नाही.

हातापायांना जप, पत्र टाक.
कुंजीलाल

कुडवा, ता. ८ नोव्हेंबर

ती. आबाजींस रेणूचा शि. सा. नमस्कार.

दोर श्यामलालभाऊ दोनदा आवळतात, रिक्षा त्यांचीच आहे. शहरातल्या बसच्या पायऱ्या मला चढता येत नाहीत, रिक्षात हातांच्या जोरावर बसते. पण मला कोणी उचलून नेलेले जमणार नाही. पहिल्या दिवशी उचलले, तेव्हा गिऱ्हाइके जेवण थांबवून पाहून राहिली होती. मी धानाचे पोते आहे काय? मग मालक छोटेलालशेठने फळी टाकली. खुर्ची मागे सरकली ती थेट रस्त्यावर. लागले नाही. शेठ म्हणाले, "बेटी, एक तारखेपर्यंत काही जमव, नाहीतर मला दुसरी मुलगी पाहावी लागेल."

आणि तेलाचे मला सांगू नका. पोळ्याला ताटभर वडे कोणी खाल्ले?

आजीला नमस्कार. रागावू नका.
तुमची रेणू

नवेगाव बांध, ता. १३ नोव्हेंबर

चि. रेणूस आशीर्वाद.

पत्र वाचून दिवसभर तलावाच्या पाळीवर बसून होतो. उचलू दे असे लिहिले, ते माझे चुकले. फळी आखूड होती, बाई. पाळीवर भरली बैलगाडी चढवायची तर माझे वडील एक हात उंचीला बारा हात ढाळ देत. बैलात जोर आहे म्हणून उभा ढाळ देऊ नये, म्हणत. तुझ्या तीन पायऱ्या मिळून हातभर भरतील. सोबत सुतळी ठेवली आहे. दोन गाठींमधले अंतर माझा एक हात. तुझ्या हाताने मोजू नको, लहान पडेल. समोर जागा नसेल तर भिंतीच्या कडेने ने. दारापाशी खुर्ची वळेल एवढी सपाट जागा ठेव आणि बाहेरून विटेचा काठ, नाहीतर चाक उतरेल. शेठ ऐकतील का, याचीच धास्ती आहे.

काय झाले ते लगेच कळव.
कुंजीलाल

कुडवा, ता. २६ नोव्हेंबर

ती. आबाजींस नमस्कार.

शेठ आधी हसले. गिऱ्हाइकांच्या गाड्या कुठे लावू, म्हणाले. श्यामलालभाऊंनी भिंतीच्या कडेने सुतळी लावून जागा मोजली, दारापाशी सपाट सोडूनही तेरा हात निघाली. मग शेठने गवंडी लावून ढाळ बांधून घेतला. काल मी एकटी चढले. मध्ये दम घ्यायला थांबले, तरी खुर्ची मागे गेली नाही. काम पक्के झाले. शकुंतलाबाई म्हणून एक गिऱ्हाईक आहेत. त्या दोन वर्षे दारातूनच पार्सल नेत. आज आत बसून जेवल्या. गुडघ्यांचे दुखणे कोणाला सांगितले नव्हते म्हणे.

आता तरी या. वाट पाहते.
रेणू

नवेगाव बांध, ता. १ डिसेंबर

चि. रेणूस आशीर्वाद.

शकुंतलाबाईंचे वाचले. तेल मला चांगले सोसते. दोन वर्षे झाली, माझाही गुडघा वर उचलला जात नाही. एसटीत चढताना मागून लोक ढकलतात, म्हणून येत नव्हतो. तुझ्या आजीलाही खरे सांगितले नाही. आता बुधवारी येतो. एसटीच्या पायरीखाली ठेवायला घरचा पाट आणीन. बसमध्ये चढल्यावर पाट खालीच राहील, ही काळजी होती, म्हणून त्याला दोरी बांधली आहे. लोक हसले तर हसोत.

ढाळावर मला हात देऊ नको, तुझे दोन्ही हात चाकांना लागतील. मी तुझ्या खुर्चीची मागची मूठ धरून चढेन. ढकलणार नाही, मलाच आधार हवा आहे. जड झालो तर सांग.

माया आहे तशी राहू दे.
तुझा आबाजी