अठ्ठावन्न किलो

प्रिय अक्का,

तू गेल्यापासून तुला दोन ओळी लिहायचं धाडस झालं नव्हतं. आज आईमुळे पेन हातात घेतलं. परवा माझी घाटातली शर्यत आहे ना? सकाळी ती म्हणाली, "तुझी शर्यत होईस्तोवर मी अन्नाला शिवणार न्हाई." मी ताटावरून तसाच उठलो.

तयारी विचारशील तर बिलकुल पक्की आहे. आपल्या अंबडला घाट कुठला? घनसावंगीच्या रस्त्याला समोरच्या वाऱ्यात, ब्रेक अर्धा आवळून मी सायकल हाणायचो आणि तू हसायचीस. "घाट न्हाई म्हणून घरचाच घाट करून राह्यला व्हय रे?" हो गं, तोच! त्याच्या जोरावर पहाडातल्या त्या नामी खेळाडूंच्या मागच्या चाकाला धरून मी माथ्यापर्यंत जाईन, याची मला खात्री आहे. पायांची धास्ती मला कधी नव्हतीच, होती ती वजनाची.

टीमने पगारावर घेतलं तेव्हाच प्रशिक्षकांनी बजावलं होतं, अंगावर किलोभर जास्त असलं तर चढाला बाकीचे तुला मागे टाकून जातील. झालं! मी भात मोजून खायला लागलो, आणि तू माझ्यासमोर तेवढाच वाढून घ्यायला लागलीस. "तू उपाशी आन् मी पोटभर? मला घास जाईन का?" केवढं कौतुक वाटलं होतं मला! इन्सुलिन मात्र तू पहिल्याइतकंच टोचून घेत होतीस. मी रोज समोर बसायचो, माझ्या कसं लक्षात आलं नाही? आणि तू तरी इतकी वेडी कशी, अक्का? गल्लीभर लोकांना पथ्यं सांगत फिरणारी तू!

त्या सकाळी आई मामाकडे तीर्थपुरीला गेली होती. मी सराव करून आलो तो आधी वजनकाट्यावर चढलो. "अक्का, अठ्ठावन्न!" म्हणून ओरडलो. तू ओ दिली नाहीस. रुसली असशील म्हणून मी आंघोळीला गेलो. आंघोळीला! तू स्वयंपाकघरात पडली होतीस.

डॉक्टर म्हणाले, साखर एकदम उतरली. मी आईला सांगितलं, हार्ट अटॅक. दारात आलेल्या प्रत्येकाला तेच सांगितलं. आता मी छप्पन्न भरतोय, जेवणच जात नाही. प्रशिक्षक खूश आहेत.

ही शर्यत मला फार हवी आहे गं. तुझ्यापासून काय लपवू? खरं कळल्यावर आई माझं तोंड तरी पाहील का, ठाऊक नाही.

तरी तुला शब्द देतो. उद्या निघण्याआधी आईला शेजारी बसवून पोटभर जेवू घालीन. तिने हात धुतले, की तू कशाने गेलीस ते सांगेन. त्यावर ती म्हणाली, सायकल सोड, तर सोडीन.

तुझाच,
पम्या