दोन मामा आणि पस्तीस कार्डं

१२ एप्रिल. सकाळी ६.१०
प्रांजलीचं लग्न ४ मे, राजूर. बावीस दिवस उरले. अडचण एकच. बायकोचे, म्हणजे साधनाचे, दोन भाऊ, थोरले इंद्रभान आणि धाकटा पुंजाराम, सामाईक विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीवरून सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. पोरीने सांगून ठेवलंय, बोहल्यावर आणायचं तर दोन्ही मामांनी, दोन बाजूंनी. नाहीतर मी एकटी चालत येईन.
साधना म्हणाली, मी राजूरला जाऊन दोघांना जेवायला बसवते. बिलकुल मनाई केली. हे तांत्रिक काम आहे. चित्रकार्डांनी संवाद घडवणारा कोच जालन्यात मी एकटाच. कोर्स कुठलाच नाही. चौदा व्हिडिओ, काही दोनदा.

१५ एप्रिल
छत्तीस कार्डं तयार. विकत मिळतात त्यांत बर्फ आणि होड्या असतात. आपल्या माणसाला बर्फ दाखवून काय आठवणार, फ्रीज? म्हणून स्वतः काढली. ९ बाय १२ सेंटिमीटर, कोपरे गोल. मस्तगडच्या आपल्या रंगाच्या दुकानातलाच ऑइल पेंट, दोन हात. विहिरीचं कार्ड दक्षता म्हणून बाद केलं. पस्तीस उरली.
साधनाने बैल पाहून विचारलं, इस्तरी कशाला काढली? शिंगं जाड केली.

१७ एप्रिल
घरी सराव. पद्धत अशी: कार्ड दाखवायचं, विचारायचं, या चित्रात तुम्ही कुठे आहात? मग सात सेकंद कोचने तोंड उघडायचं नाही. साधनाला छत्री दाखवली. ती म्हणाली, मी इथंच आहे, पण गॅसवर दूध आहे, जाऊ का? सात सेकंद थांबलो. दूध उतू गेलं.
निष्कर्ष: प्रतिसाद मिळाला.

२२ एप्रिल. संध्याकाळी ७
दोघांनाही राजूरचं मंगल कार्यालय बघायला म्हणून वेगवेगळं बोलावलं. आले. एकमेकांकडे पाठ करून बसले. खुर्च्यांमधलं अंतर नियमानुसार.
कार्डं गाडीच्या डिक्कीत होती. ऊन बेचाळीस. रंग वितळून पस्तीस कार्डांची एक वीट झाली. (रंगाचा दोष नाही. कंपनीला उन्हाबद्दल पत्र लिहिणार.) मी चाकू लावला. इंद्रभानांना बघवेना. उठून म्हणाले, पुंज्या, तिकडून धर. पुंजाराम म्हणाला, दादा, असं न्हाई, जरा पिळून घे, ऊस पिळल्यावानी. पाच मिनिटं दोघं ओढून राह्यले होते. हसत पण होते.
मी तात्काळ थांबवलं. कार्ड न दाखवता, प्रश्न न विचारता सुरू झालेलं बोलणं पद्धतीत बसत नाही. दोघांना परत खुर्चीवर बसवलं, गप्प राहायला सांगितलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.
तीनच कार्डं धड सुटली होती. छत्री दाखवली. इंद्रभान म्हणाले, छत्री घेऊनच मी विहिरीवर गेल्तो, तर ह्याने माझ्या पाळीला मोटार लावून ठेवल्ती. चांदोबा दाखवला. पुंजाराम म्हणाला, चांदण्यात सारा गाव बघत व्हता पाळी कोणाची व्हती ते. मांजर दाखवलं. मांजरसुद्धा त्याच विहिरीत पडलं होतं म्हणे, आणि काढलं कोणी यावर वाद.
दोघं दोन दिशांना गेले. लग्नाला येणार नाही असं दोघांनीही सांगितलं.
नोंद: सहा वर्षांत प्रथमच एकमत.

२३ एप्रिल
प्रांजलीने विचारलं, पप्पा, मामा बोलत होते ना, मग तुम्ही थांबवलं कशाला? तांत्रिक बाजू समजावली. रडत उठून गेली. विषय अवघड आहे.

२४ एप्रिल
साधना पहिल्या बसने राजूरला गेली. विचारलं नाही. डबाही ठेवला नाही.

२६ एप्रिल
साधना परत. दोन्ही मामा येणार आहेत. तिने दोघांना एका ठिकाणी जेवायला वाढलं आणि इतकंच विचारलं, ह्यांनी तुम्हाला परत खुर्चीवर बसवलं तेव्हा कसं वाटलं रे? त्यावर दोघं संध्याकाळपर्यंत बोलत बसले.
हा माझ्याच पद्धतीतला खुला प्रश्न आहे. श्रेय मागणार नाही. नोंद असावी.

४ मे
मामा एकाच गाडीतून आले. प्रांजलीला दोन बाजूंनी धरून बोहल्यावर आणलं. पोरगी हसत होती. मला नीट दिसेना. चष्मा पुसला, तरी दिसेना.
माझ्याशी दोघंही बोलत नाहीत. दाजींना पाणी द्या, एवढंही तिसऱ्याला सांगतात.
पंगतीनंतर दोघं मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. लांबून घड्याळ लावलं. एकेचाळीस मिनिटं सलग, मध्ये खंड नाही, हसून हसून टोप्या काढल्या. अभ्यासासाठी विषय कळणं आवश्यक.
जवळ गेलो. दोघं गप्प झाले.