बांधाकडची ओळ

चिखली, ११ जानेवारी १९५६, बुधवार

पारूमावशींच्या कोबीवर औषधाची भुकटी धुरळून आठ दिवस झाले, तरी मावा जिवंतच. भुकटी जुनी असेल, असं सांगून मी सुटणार होतो. पण बांधाकडच्या ओळीवरचा मावा तेवढा मेलेला. भुकटी तीच, हात तोच. मग?

खोदून विचारलं, तेव्हा मावशी ओशाळल्या. "त्या वळीला तुमचं पांढरं खत घातलंच न्हाई, सायेब. नुसतं शेणखत हाय. तुमास्नी वाईट वाटंल म्हनून बोलले न्हाई."

बाकीच्या ओळींना दुप्पट खत घालायला मीच लावलं होतं. शेतकी खात्याचा माणूस ना मी! त्या कोवळ्या, लुसलुशीत पाल्याचा रस शोषून कीडही दणकट होत असेल? पुस्तकात तर कुठं वाचलं नाही.

मावशींना मात्र शंकाच नाही. "बाळंतिणीचा खुराक दिल्यावर त्यो मावा कशाला मरतोय?" आणि माझा चेहरा बघून लगेच, "पर ही वळ तुमच्याच भुकटीनं वाचली की, लेकरा."

सायेबचं लेकरू कधी झालो, कळलंच नाही.

उद्या अहवालात लिहायचं: बांधाकडची ओळ मावशींची. बाकी सगळं शेत माझं.