बाबांची भरलेली बंदूक

चि. वेंडेल यास थोरल्या भावाचे आशीर्वाद.

इकडील क्षेम असे: कोंबड्या सतरापैकी चौदा, छप्पर एकाच कोपऱ्यात गळते, आणि बाबांची फुप्फुसे त्यांनी जन्मभर खणलेली कोळशाची खाण थोडी थोडी करून परत मागते आहे. (डॉक्टर या रोगाला जे नाव देतात त्यातले व्याकरण, सव्वीस वर्षे लॅटिन शिकवल्यामुळे, मला रोगाइतकेच खटकते.) नाकात प्राणवायूची नळी घालून ते ओसरीत बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावे ठेवतात. तुझी प्रकृती उत्तम असावी. डेटनच्या कारखान्यात गेल्यापासून नऊ वर्षांत तू फिरकला नाहीस, त्याअर्थी ती प्रवासापुरतीच नाजूक असावी.

लिहिण्यास कारण पणजोबांची ठासणीची बंदूक. शेकोटीवरच्या भिंतीकडे पाहत बाबा एके दिवशी म्हणाले, "मरायच्या आधी तिचा आवाज एकदा ऐकव." अशा वाक्यापुढे वाद चालत नाही. मी ती उतरवली. दस्ता किड्यांनी खाल्लेला, घोडा गंजून समाधिस्थ. तेल, रॉकेल आणि तुझ्या ऑपलवहिनीच्या शिव्या यांत आठवडाभर भिजल्यावर तो हलला. तेवढ्यात शेजारचा होबर्ट (हा चर्च चुकवून नेमबाजीला जातो आणि दोन्हीकडे नेम चुकवतो) म्हणाला, "मास्तर, आधी गज घालून बघा. भरलेली असली तर बंदुकीआधी तुमचीच डागडुजी करावी लागेल!" गज तळापर्यंत जाईना. बंदूक भरलेली होती.

नळीत तेल ओतून, गजाच्या टोकाला स्क्रू लावून, आम्ही दोघांनी बैलासारखे ओढले. शिशाची गोळी बाहेर आली, तिच्याभोवती ठासलेली चिंधी आली, आणि मागून काहीच नाही. दारूचा कणही नाही. होबर्ट गडाबडा लोळायचा बाकी राहिला. "कोण हा गाढव? गोळी ठासली, नि दारूच विसरला!" (त्यांच्या नेमबाजी मंडळात असे करणाऱ्याला वर्षभर कोणी नावाने हाक मारत नाही.) मीही हसलो. मग चिंधी पाहिली. निळ्या चौकटीची. आईच्या एप्रनची. म्हणजे बंदूक पणजोबांनी भरलेली नव्हती. ओसरीत बाबा हसत नव्हते.

होबर्ट गेल्यावर म्हणाले, "तुझी आई गेली, त्या हिवाळ्यात. चाप ओढला, ठिणगीची टोपी नुसती फुटली, बस. दारू घालायचीच राहिली." ती गोळी कोल्ह्यासाठी नव्हती, एवढे मलाही कळले. मी तोंड उघडणार, तोच म्हणाले, "आणि हे होबर्टला सांगशील तर याद राख. दारू विसरलो म्हणे! मेल्यावरसुद्धा हसतील लोक."

वेंडेल, त्यांना लाज वाटते ती याची. जन्मभर दारूला न शिवलेला बाप्टिस्ट माणूस त्या दिवशीही शिवला नाही, म्हणून आपल्याला नावे ठेवायला अजून शिल्लक आहे.

शनिवारी मी बंदूक झाडली. नेम भोपळ्यावर होता. धूर विरल्यावर भोपळा जागच्या जागी होता आणि होबर्टची टपालपेटी नव्हती. बाबा डोळे मिटून बसले होते. "उजवीकडे ओढलीस," म्हणाले. "पण आवाज तोच." मग म्हणाले, "आता साफ कर, भर, आणि माझ्या पलंगाशेजारी टांग. कोल्हा येतो." कोंबड्यांचे खुराडे त्यांच्या खिडकीतून दिसत नाही. मी ती साफ केली. त्यांच्यासमोर बसून भरली.

तुझा,
एम्मेट

ता. क. बंदूक आपल्या घराण्याच्या परंपरेप्रमाणे भरली आहे. तू आलास आणि बाबांनी विचारले, तर "एम्मेटने दारू घातलीय" असे बायबलवर हात ठेवून सांगायचे. पाप माझ्या नावे.

दुसरा ता. क. वरचा मजकूर रद्द समजावा. आज सकाळी घेवडा आणि मक्याची भाकरी भरवत होतो, तेव्हा बाबा म्हणाले, "दारू ठेवायच्या शिंगाचं बूच काढताना करकरतं. शनिवारी दुसऱ्यांदा भरताना नाही करकरलं." मी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. "मास्तर झालास, तरी गाढव ते गाढवच." मग चारपाच श्वास गोळा करून म्हणाले, "राहू दे तसंच. वेंडेल येईपर्यंत."

तेव्हा ये. लवकर ये असे लिहावे की सावकाश ये असे, तेवढे मात्र मला ठरवता येत नाही.