हाळी बंद झाल्यापासून

ती. आईस,

आधी तुझ्या पायांवर डोकं. मी धडधाकट आहे, दोन वेळा नीट जेवतो. एवढं वाचलंस की पुढचं शांतपणे वाच.

गोदामात आम्ही चौघे मिळून गालिच्यांच्या गुंडाळ्या उचलतो. उचलताना मी आपल्या भाषेत हाळी द्यायचो, बाबा द्यायचे तशीच. बाकीच्यांचे हातही तिच्यावरच चालायचे. मुकादमाने ती बंद केली. म्हणाला, इथे फक्त इथलीच भाषा. मग मुकाट उचलू लागलो. परवा हात मागेपुढे झाले, गुंडाळी सुटली आणि सोबत्याचा पाय मोडला.

तो दुसऱ्या समाजाचा. त्यांची भाषाही इथे परकीच, पण सध्या टीव्हीवर त्यांची गाऱ्हाणी चालू आहेत, म्हणून कॅमेरे लगेच आले. आपल्या लोकांनी भाषेसाठी इतके अर्ज केले, तेव्हा कुणी फिरकलं नव्हतं. बातमीवाल्या बाईंनी विचारलं, "त्यांच्या समाजाचा राग होता म्हणून गुंडाळी सोडलीत का?" मी हाळीचं सांगितलं. ते दाखवलंच नाही, बाईंचा प्रश्न तेवढा दाखवला.

तेव्हापासून दाराला आतून कडी घालून बसतो. आज गोदामातच काम करणारा त्याचा भाऊ आला, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. तो म्हणाला, "हाळी असती तर पाय वाचला असता, असं दादाच म्हणतो. मला शिकव. तू एकट्याने दिलीस तर तुलाच कामावरून काढतील, सगळ्यांनी दिली तर कुणाकुणाला काढतील?"

तुझा गुडघा कसा आहे? ताईला यातलं काही सांगू नकोस.

शिकवताना माझा आवाज थेट बाबांसारखा निघाला. शेजाऱ्याने गप्प बसा म्हणून भिंतीवर थाप मारली. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

तुझा,
धाकटा