काडेपेटी माझ्याकडेच

१३ फेब्रु. १९९१, बुध.
राखेचा बुधवार, ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सुरू. उपासनेहून घरी येताना आईनं रस्त्यातच सांगितलं, "ते परत आलेत. करंजाड्याला वॉचमन लागलेत." कपाळावरची राख घामानं डोळ्यांत गेली.
पप्पा लिहायला हात धजत नाही. ते.
दारू सुटलीय म्हणे. पाळकसाहेबांना भेटून गेले, रडले. रडायला काय, तेव्हाही सकाळी उठून रडायचेच.

१७ फेब्रु., रवि.
उपदेश: देव प्रेम करताना अट घालत नाही. मान्य. देवाचं ठीक आहे, त्याच्या घरात रॉकेल नसतं.
माझी अट आहे. काडेपेटी माझ्या पर्समध्ये राहणार. आईवर रॉकेल ओतून त्यांनी काडी ओढली, त्या दिवसापासून राहते आहे. पोलिसांना आईनं स्टोव्हचा भडका सांगितला, म्हणून ते सुटले आणि घर सोडून गेले. मी सकाळी स्टोव्ह पेटवून देते, काडेपेटी घेऊन चिरनेरला शाळेत शिकवायला जाते. मधे चहा लागला तर आई शेजारच्या काकूंकडून काडी मागून आणते. काकू हसतात. हसोत.

२७ फेब्रु., बुध.
आज दिसले. एस.टी. स्टँडसमोर, उसाच्या रसवाल्यापाशी. किती वाळलेत. मला पाहून एक पाऊल पुढे आले आणि थांबले. मी उरणच्या गाडीत चढले. दिवसभर पोरांना बेरीजच शिकवली, दुसरं काही सुचेना.

१५ मार्च, शुक्र.
उपवासकाळातली मेणबत्ती काकूंच्या घरी होती. दर शुक्रवारी नवं घर, मेणबत्ती तीच. प्रार्थनेला बसताना ज्याचं घर त्यातल्या वडीलधाऱ्यानं ती पेटवायची. पुढचा शुक्रवार आमचा. दरवर्षी आमच्याकडे आईच पेटवते.
घरी आल्यावर आई म्हणाली, त्यांना बोलावलंय, तेच पेटवतील.
भांडले. नको ते बोलले. मानेवरचा डाग दाखवायला तिचा पदर ओढला. ती चिडली नाही, पदर नीट केला. म्हणाली, "मला पण भीती वाटते गं. पण त्यांना माफ केलं नाही तर ही भीती घेऊनच मरेन मी."
पण जळाली ती, आणि विझवताना ओरडत होते ती मी. माझ्या भीतीचं कुणी विचारत नाही.

२१ मार्च, गुरु.
रॉकेलचा डबा काकूंकडे नेऊन ठेवला. आईनं पाहिलं.

२२ मार्च, शुक्र.
मंडळी दाटीवाटीनं बसलेली. ते दाराशी, चपलांजवळ. आईनं पुढे बोलावलं. मेणबत्ती आता वीतभरही उरली नाही. पाळकसाहेब थांबलेले. आई माझ्याकडे बघते, काडेपेटी पर्समध्ये. सगळ्यांना ठाऊक.
दिली. कशी दिली आठवत नाही. काकूंनी दंड धरला होता एवढं आठवतं.
त्यांची पहिली काडी मोडली. दुसरी ओढली तेव्हा मी डोळे मिटले, गंधकाचा वास आला आणि मला तो दिवस सगळा दिसला. डोळे उघडले तर मेणबत्ती पेटलेली, आई शांत बसलेली.
सभा संपल्यावर सगळे पोह्यांकडे वळले. पप्पा माझ्यापाशी आले. (लिहिलं खरं.) काडेपेटी माझ्या हातात ठेवली. "तुझ्याकडंच ठेव, बाय. माझा मला अजून भरवसा नाय."
माफी मागितली असती तर मी तोंड फिरवलं असतं. हे ऐकून रडू आलं. न्हाणीत जाऊन रडले.

२९ मार्च, शुक्र.
उत्तम शुक्रवार, गुड फ्रायडे. तीन तासांची उपासना. मेणबत्ती चर्चमध्ये परत गेली, बोटभर. आईनं ठरवलं, ईस्टरनंतर ते बाहेरच्या खोलीत राहतील. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. रॉकेलचा डबा काकूंकडून आणला, स्टोव्हमधलं संपलं, मग जेवण कशावर.

३१ मार्च, रवि.
ईस्टर. पप्पा पत्र्याची पेटी घेऊन आले. जेवल्यावर त्यांनी आपलं ताट आपणच घासलं.

१ एप्रिल, सोम.
स्टँडवर बसून लिहितेय. तिकिटाचे सुटे काढायला पर्समध्ये हात घातला, काडेपेटी नाही. सगळी पर्स बाकावर उलटी केली. नाही.
सकाळी स्टोव्ह पेटवला. मग? ओट्यावर ठेवली असेल. विसरले की ठेवून आले, मला खरंच सांगता येत नाही. आई घरात आहे. पप्पांची रात्रपाळी, तेही घरातच.
देवा, तू सांभाळ. नाही, मीच जाते परत.
उरणची गाडी लागलीय. कंडक्टर दारातून विचारतोय, "बाई, येताय का नाय?"