आईच्या पोटातली पाण्याची गाठ

प्रिय वृषू,

शेजारची साखरबाई मेथी घेऊन तुझ्या बारामतीच्या मंडईत निघालीय, तिच्याच पिशवीत हे पत्र कोंबतेय. माझा फोन तुझ्या फुलाआत्यानं 'वहिनी, आराम करा' म्हणत काढून घेतलाय. आराम कसला, कोंडवाडा आहे नुसता! खाटेवरून पाय खाली टाकला की चौघीजणी धावतात. अख्खं वरकुटं गाव केळी घेऊन बघायला येतं आणि माझ्यासमोरच मी किती चांगली होते ते सांगतं. अगं, मी अजून हाय की हितं!

सोनोग्राफीला गेलो तेव्हा तुझ्या आबांना मुतखडाच वाटला होता. स्वादुपिंडावर गाठ निघाली आणि डॉक्टर पुढं काय बोलले ते कुणी ऐकलंच नाही. आपल्याकडं गाठ म्हटलं की माणूस गेल्यातच जमा. गाडी दारात लागायच्या आत आत्यानं भिगवणचं स्थळ काढलं. आईच्या डोळ्यांदेखत पोरीवर अक्षता पडू द्या, म्हणाली. तूही शेतकी कॉलेजचं शेवटचं वर्ष सोडून 'हो' म्हणायला तयार झालीस. साखरपुड्यात हसत होतीस, पण माझा हात काही सोडत नव्हतीस. मला सगळं कळत होतं गं.

पुण्यात तोंडातून दुर्बीण घालून सुईनं गाठीतलं पाणी काढलं. जीव घाबरला होता, खोटं कशाला सांगू? डॉक्टरीणबाई भली. पडद्यावर गाठ दाखवली तिनं मला, द्राक्षाएवढी, पातळ सालीची. अशी क्वचितच कुणाला होते, साधीच वाटतेय, पण पाणी तपासून येईस्तोवर काही ठरवू नका, म्हणाली. आपल्या लोकांनी तर मुहूर्तसुद्धा काढला होता.

ते तपासून आलंय, वृषू. सोमवारीच आलंय. कॅन्सर नाही. ऑपरेशनही नको, वर्षानं पुन्हा फोटो काढून बघायचा. आबांनी देवापुढं नारळ फोडला, पोरासारखे रडले, आणि रिपोर्ट कपाटात ठेवून म्हणाले, लग्न होईस्तोवर पोरीला कळू द्यायचं न्हाय, ठरलेलं मोडलं तर चारचौघांत शोभा होईल. तोवर मी आजारीच राहायचं! म्हणून लिहितेय. मुलगा मनापासून आवडला असेल तर खुशाल कर, मी मांडवात नाचेन. पण माझ्यासाठी करत असशील, तर करू नकोस. मी मरत नाही. तू परीक्षेला बस. हितं सगळ्यांना काय सांगायचं ते मी बघते. पत्र साखरबाईच्या पिशवीत गेलं की आज भाकरी मीच थापणार आहे, आत्या कितीही ओरडू दे.

तुझीच ठणठणीत,
आई